पीसीला एक्स्ट्रा फॅन लावायचाय? आधी हवेची वाट बघा

मे महिन्यात अकोल्याहून भाच्याचा फोन, "मामा, गेम लावला का दहा मिनटात अडकून राहिला, अन् आवाज तर मिक्सर लावल्यासारखा. लाइटवाले चार फॅन दिसून राहिले ऑनलाइन, मागवू का?" म्हटलं थांब, परवा येतोच आहे, काही मागवू नको. गेलो तर पीसी कुठे, तर कॉम्प्युटर टेबलच्या त्या कप्प्यात, जो सुतार खास "सीपीयू ठेवायला" म्हणून बनवून देतात. तिन्ही बाजूंनी प्लाय, मागे भिंत चार बोटांवर, पुढे दार आणि ते पण बंद, कारण धूळ जाते म्हणे. आत आय५ १०४०० प्रोसेसर, जीटीएक्स १६५० ग्राफिक कार्ड, आणि अख्ख्या कॅबिनेटला मागे एकच फॅन. खोलीचं तापमान कूलर चालू असून ३६. मग मिक्सर वाजणारच ना.

त्या दिवशी जे जे केलं ते क्रमाने लिहितोय, कारण दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी हे विचारतंच आणि सगळ्यांना सुरुवात फॅन विकत घेण्यापासून करायची असते. (घरात अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, मी इथे डब्याला कॅबिनेट म्हणणार आणि सीपीयू म्हणजे फक्त प्रोसेसर, नाहीतर गोंधळ होईल.)

आधी आकडे लिहून काढा

एचडब्ल्यूमॉनिटर किंवा एचडब्ल्यूइन्फो, तापमान दाखवणारी सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट आहेत, कुठलंही एक टाका. लिनक्स असेल तर एलएम-सेन्सर्स. पीसी पंधरा मिनिटं नुसता चालू ठेवून सीपीयू आणि ग्राफिक कार्डचं तापमान लिहा, मग अर्धा तास तोच गेम किंवा जे काम करताना त्रास होतो तेच काम चालवून परत लिहा. आणि खोलीचं तापमान पण लिहा, हे कुणीच लिहीत नाही आणि मग जानेवारीतल्या आकड्यांची मेमधल्या आकड्यांशी तुलना करत बसतात. फॅन फक्त खोलीतली हवा आत ढकलतो, तो काही एसी नाही, खोलीत ३६ असेल तर आतली कुठलीच वस्तू ३६ च्या खाली येणार नाही, मग दहा फॅन लावा.

किती म्हणजे जास्त? साधारण नुसता चालू असताना ४०-५० आणि लोडवर, म्हणजे जड काम चालू असताना, ७०-८५ असेल तर निवांत झोपा. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश, एएमडीच्या रायझनची ९० किंवा ९५, तिथे पोचलं की सीपीयू स्वतःच स्पीड कमी करतो, तेच ते गेम अडकणं. रायझन ७००० सिरीजवाल्यांनी ९५ बघून घाबरू नका, फुल लोडला ते तिथपर्यंत जायलाच बनवलेत. आणि एक, तापमान ७० च आहे पण पीसी खटकन बंद पडतो, असं असेल तर संशय एसएमपीएसवर (पीसीला वीज देणारा आतला डबा) घ्या, फॅनवर पैसे घालवू नका.

भाच्याच्या पीसीचा लोडवरचा आकडा होता ९६. कॅबिनेट कप्प्यातून काढून टेबलाच्या बाजूला मोकळ्यावर ठेवलं, तोच गेम तेवढाच वेळ, ९०. सहा अंश गेले आणि खर्च शून्य रुपये.

झाकण उघडून बघायची युक्ती

हे मला सगळ्यात आवडतं. कॅबिनेटचं साइडचं झाकण काढून तोच लोड परत चालवा. तापमान सात-आठ अंश किंवा जास्त उतरलं तर कॅबिनेटमधे हवा कोंडतेय, म्हणजे एक्स्ट्रा फॅनने नक्की फरक पडणार. उतरलं फक्त एक-दोन अंश, तर दुखणं वेगळं आहे, सीपीयूवरचा कूलर धुळीने भरलाय, नाहीतर सीपीयू आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट वाळलीय, नाहीतर इंटेलच्या बॉक्समधल्या कूलरचे ते चार प्लास्टिकचे पुश-पिन असतात त्यातला एखादा निसटलाय (हे फार कॉमन आहे, बोटाने कूलर हलवून बघा, हलला की समजा). अशा वेळी कॅबिनेट फॅन लावून काही होत नाही.

आमच्याकडे ९० चा ८० झाला. भाचा लगेच म्हणे मग झाकण काढूनच ठेवू ना. तसं ठेवतात लोक, वर्षानुवर्षं ठेवतात, पण धूळ, पाल, आणि आमच्याकडे तर कूलरची ओली हवा. विदर्भवाल्यांसाठी मुद्दाम सांगतो, पीसी कूलरच्या थेट झोतात ठेवायचा नाही. थंड वाटतं खरं, पण दमटपणा आणि धूळ एकत्र झाली की हीटसिंकवर (कूलरच्या धातूच्या पट्ट्यांवर) जो थर बसतो तो ब्रशने पण निघत नाही.

झाकण काढलंच आहे तर धूळ साफ करून घ्या, गच्चीवर किंवा अंगणात नेऊन, ब्लोअरने. पंख्याची पाती बोटाने धरून मगच हवा मारा, नाहीतर तो ब्लोअरच्या जोरावर भलत्या स्पीडने फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते. सफाईनंतर झाकण लावून ८६. आता फॅनचा नंबर.

कुठे लावायचा

कॅबिनेटचा हिशोब घरासारखाच आहे, पुढच्या खिडकीतून वारा येतो आणि मागच्या दारातून जातो. पुढून आत, मागून आणि वरून बाहेर. बहुतेक साध्या कॅबिनेटमधे मागचा बाहेर फेकणारा फॅन आधीच असतो आणि पुढे नुसती रिकामी जागा, म्हणून पहिला एक्स्ट्रा फॅन पुढे, हवा आत घेणारा. त्यात पण पुढे खाली-वर दोन-तीन जागा असतात, ग्राफिक कार्ड असेल तर कार्डाच्या उंचीला येईल ती जागा घ्या, कार्ड नसेल तर मधली, म्हणजे सीपीयूच्या समोर.

वरच्या जाळीला फॅन लावायचा मोह सगळ्यांना होतो कारण गरम हवा वर जाते हे शाळेत शिकलोय. जाते, पण फॅन चालू असताना तो जोर किरकोळ असतो. आणि वरच्या जाळीच्या पुढच्या भोकावर बाहेर फेकणारा फॅन लावला तर पुढून आलेली ताजी हवा सीपीयूपर्यंत पोचायच्या आधीच तो ओढून बाहेर टाकतो. वर लावायचाच तर मागच्या बाजूच्या जागेवर लावा, आणि तो दुसरा फॅन म्हणून, पहिला नाही.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवली की फटीफटीतून धूळ ओढली जात नाही, सगळी हवा फिल्टरमधून येते. उलट झालं तर कॅबिनेट प्रत्येक भोकातून, डीव्हीडी ड्राइव्हच्या फटीतून सुद्धा, धूळ खात बसतं. पुढे काच किंवा बंद प्लास्टिक असलेलं कॅबिनेट असेल तर मात्र फॅनला हवा मिळणारच कुठून, बाजूला किंवा खाली निदान बोटभर रुंद फट आहे का ते बघून घ्या. ती पण नसेल तर मी फॅनपेक्षा जाळीवालं कॅबिनेट घ्यायला सांगेन.

साइझ आणि पिन, इथेच पैसे वाया जातात

फॅनचा साइझ म्हणजे फ्रेमची बाहेरची बाजू, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर नाही. १२० मिमीच्या फॅनची भोकं मध्यापासून मध्यापर्यंत १०५ मिमीवर असतात, १४० ची १२४.५ वर, ९२ ची ८२.५ आणि ८० ची ७१.५. मी स्वतः पहिल्यांदा भोकं मोजून दुकानात "१०५ चा फॅन द्या" म्हटलं होतं, दुकानदाराने असं बघितलं की विचारू नका. पट्टी घ्या, भोकं मोजा, वरच्या आकड्यांशी जुळवा. जाडी बहुतेक २५ मिमी असते, तेवढी जागा आत आहे ना, ग्राफिक कार्डाचं टोक आड येत नाही ना, ते पण बघा.

आता टॉर्च मारून मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मोठ्या मुख्य बोर्डवर, फॅनची रिकामी जागा शोधा. चार पिनची छोटी पांढरी किंवा काळी रांग असते, शेजारी सिस-फॅन किंवा सीएचए-फॅन असं बारीक छापलेलं. सीपीयू-फॅन असं लिहिलेल्या जागेवरची वायर काढायची नाही, तिथे फॅन दिसला नाही की बरेच बोर्ड चालू होतानाच एरर दाखवून थांबतात.

तीन पिनचा फॅन म्हणजे ग्राउंड, १२ व्होल्ट आणि स्पीड सांगणारी एक वायर. चार पिनच्यात चौथी वायर कंट्रोलची, पीडब्ल्यूएमची. तीन पिनचा फॅन चार पिनच्या जागेत आरामात बसतो, एक पिन उघडी राहते, राहू दे, काही जळत नाही. पण नवा घेताय तर चार पिनचाच घ्या, किमतीत फरक थोडाच असतो आणि स्पीड नीट कंट्रोल होतो.

जागाच शिल्लक नसेल तर स्प्लिटर मिळतो, एका जागेवर दोन फॅन. बोर्डची एक जागा साधारण १ अँपिअरपर्यंत देते, नक्की आकडा मॅन्युअलमधे असतो, आणि फॅनच्या स्टिकरवर ०.१५ किंवा ०.२५ अँपिअर असं काहीतरी लिहिलेलं असतं, बेरीज करून बघा, दोन फॅनला अडचण येत नाही. दुसरा मार्ग एसएमपीएसमधून येणाऱ्या मोठ्या मोलेक्स वायरचा, पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, दोन काळ्या ग्राउंड. त्यावर फॅन कायम फुल स्पीडला फिरतो आणि रात्री वैताग येतो. मोलेक्सला पण चारच पिना, म्हणून "चार पिनचा फॅन" एवढंच बघून ऑनलाइन मागवू नका, फोटो झूम करून कनेक्टर बघा.

लाइटवाल्या फॅनचं वेगळंच प्रकरण. लाइटची वायर वेगळी असते, ५ व्होल्टची आणि १२ व्होल्टची असे दोन प्रकार, ५ वाली १२ वर लावली की लाइट गेले समजा. स्वस्तातल्या सेटमधे तर सहा पिनचा स्वतःचाच कनेक्टर असतो जो त्यांच्याच डबीत बसतो, मदरबोर्डवर बसतच नाही. भाच्याने जे चार फॅन बघून ठेवले होते ते नेमके हेच.

घेताना बेअरिंग बघा, साधं स्लीव्ह असेल तर उभा लावायला ठीक, कॅबिनेटच्या छताला आडवा लावला की लवकर करकरायला लागतो, फ्लुइड डायनॅमिक असेल तर बरं. स्पीड १२०० ते १८०० आरपीएम पुष्कळ झाला. आम्ही आर्क्टिकचा पी१२ घेतला, पीडब्ल्यूएमवाला, एकच. जाळी आणि फिल्टरमागे लावायला तो चांगला, हवा जोराने ओढतो.

बसवायची वेळ

पीसी शटडाउन, मागचं एसएमपीएसचं बटन बंद, वायर उपटून बाजूला. यूपीएसवर असेल तर नुसतं भिंतीचं बटन बंद करून चालत नाही, वायरच काढा. मग पॉवर बटन पाच सेकंद दाबून धरा, उरलासुरला करंट निघून जातो. कॅबिनेटच्या लोखंडी भागाला हात लावा, अंगातली स्टॅटिक जाते, आणि काम गालिच्यावर किंवा ब्लँकेटवर करू नका, फरशी किंवा टेबल बरं.

साइडचं झाकण काचेचं असेल तर शेवटचा स्क्रू काढताना एक हात काचेला हवाच. आणि काढलेली काच फरशीवर कोपऱ्यावर उभी टेकवायची नाही. टफन काच मधून बुक्की खाते पण कडेला टाइल लागली की क्षणात चुरा होतो. गादीवर आडवी ठेवा.

पुढचं पॅनल बहुतेक क्लिपांवर असतं, खालच्या बाजूला बोटं घालायला खाच असते, तिथून धरून ओढायचं, पहिल्यांदा भीती वाटेल असा कट्कन आवाज येतो. पण एकदम लांब ओढू नका, पॉवर बटन आणि यूएसबीच्या वायरी त्यालाच लागलेल्या असू शकतात.

आता दिशा. फॅनची एक बाजू उघडी असते, तिथून पाती स्वच्छ दिसतात, दुसऱ्या बाजूला स्टिकर आणि त्याला धरून ठेवणाऱ्या आडव्या काड्या. हवा उघड्या बाजूने आत जाते आणि काड्यांच्या बाजूने बाहेर पडते. काही फॅनच्या फ्रेमवर बाण पण असतात, एक हवेचा, एक फिरण्याचा. पुढच्या फॅनची उघडी बाजू तुमच्याकडे, स्टिकर कॅबिनेटच्या आत. हे मला तोंडपाठ आहे, का, तर काही वर्षांपूर्वी माझ्याच पीसीला स्टिकरवर छान डिझाइन आहे म्हणून मी स्टिकर बाहेर करून लावला होता, पुढचा फॅन पण बाहेर फेकतोय आणि मागचा पण, आठवडाभर विचार करत होतो की फॅन लावून तापमान तीन अंश वाढलं कसं.

स्क्रू लावायच्या आधी फॅन फिरवून बघा की वायर ज्या कोपऱ्यातून निघते तो कोपरा मदरबोर्डकडच्या बाजूला येईल, नाहीतर वायर पात्यांसमोरून न्यावी लागते. फॅनचे स्क्रू जाड आट्यांचे असतात आणि फॅनच्या भोकात आटे नसतातच, स्क्रूच ते कापत जातो, म्हणून पहिल्यांदा जड जातं. सरळ धरा, जोर देऊन फिरवा. चारही स्क्रू आधी अर्धे लावा, मग समोरासमोरचे कोपरे घट्ट करा. अडलं की थांबा, अजून आवळलं तर प्लास्टिकचा कोपरा तडकतो.

वायर मदरबोर्डच्या जागेत लावताना कनेक्टरच्या दोन उभ्या खाचा आणि जागेमागची प्लास्टिकची जीभ जुळवा, उलटा बसतच नाही, बसत नसेल तर ढकलू नका. उरलेली वायर झिप-टायने बांधून कडेला करा.

बंद करायच्या आधी उदबत्ती

झाकण न लावता पीसी चालू करा, फॅन फिरतोय ना, वायर घासल्याचा टर्रर्र आवाज नाही ना, बघा. ठीक असेल तर बंद करून झाकण लावा, परत चालू करा आणि एक उदबत्ती पेटवून पुढच्या जाळीपासून वीतभर लांब धरा, राख आत ओढली जाणार नाही इतकी. धूर वाकून सरळ आत जायला लागतो, मग मागे धरा, तिथे तो बाहेर उडतो. कुठल्या फटीतून हवा परत आत येतेय, वरची जाळी काय करतेय, सगळं दोन मिनिटात दिसतं. ताई स्वयंपाकघरातून बघून म्हणे, "आता याची पूजा करून राहिला का?" म्हटलं दसऱ्याला करतोच की.

बायोसमधलं काम, जे सगळे सोडून देतात

चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबा, बायोस म्हणजे मदरबोर्डची स्वतःची सेटिंग उघडते. असूसच्या बोर्डवर क्यू-फॅन, गिगाबाइटवर स्मार्ट फॅन, एमएसआयवर हार्डवेअर मॉनिटर असं नाव मिळेल. तिथे आपल्या फॅनचा मोड ठरवा, चार पिनचा असेल तर पीडब्ल्यूएम, तीन पिनचा असेल तर डीसी. तीन पिनचा फॅन पीडब्ल्यूएम मोडवर ठेवला तर तो कायम फुल स्पीडला पळतो आणि लोक म्हणतात फॅनच आवाजी निघाला.

मग ग्राफ. किती तापमानाला किती टक्के स्पीड. बोर्डचा तयार ग्राफ बऱ्याचदा ४० च्या आसपासच चढायला लागतो, थंड प्रदेशात ते बरोबर असेल, आमच्याकडे उन्हाळ्यात नुसता चालू पीसीच ५० वर असतो त्यामुळे फॅन दिवसभर ओरडतो. मी असा ठेवला, ५५ पर्यंत ४० टक्के, ७० ला ६५, ८० च्या वर १००. स्टेप-अप टाइम किंवा तसलं काही दिसलं तर थोडं वाढवा, म्हणजे ब्राउझर उघडल्या-उघडल्या फॅन वरखाली करत नाही. तीन पिनवाल्याला फार खाली, २०-३० टक्क्यांवर नेलं तर काही फॅन सुरूच होत नाहीत, नुसते थरथरतात.

फॅन फिरतच नसेल तर दुसऱ्या जागेवर लावून बघा, तिथे फिरला तर पहिल्या जागेची बायोस सेटिंग तपासा. फिरतो पण कॅबिनेट गुणगुणतं, तर स्क्रूऐवजी रबरी पिना मिळतात त्या लावा, नाहीतर एक स्क्रू पाव आटा सैल करून बघा.

परत तोच गेम, अर्धा तास, झाकण बंद, खोलीत ३६. सीपीयू ७९, ग्राफिक कार्ड ८२ वरून ७४. म्हणजे झाकण उघडं ठेवून जे मिळत होतं तेवढं बंद झाकणात मिळालं, एका फॅनमधे. गेम अडकला नाही. कप्प्यात आता ताईने जुनी वर्तमानपत्रं ठेवलीत.

फिल्टर महिन्यातून एकदा धुवायचा, आमच्या धुळीत उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी, नुसत्या पाण्याने, आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत लावायचा नाही. मागच्या आठवड्यात भाच्याने फोटो पाठवला, दोरीवर मोज्यांच्या मधे चिमट्याने लटकवलेला फिल्टर, खाली लिहिलंय, "मामा, लाइटवाला एक तरी घेऊ का आता?"